वाचकांचे प्रश्न : हात न लागलेल्या घोडीला माणसाळवताना

बेळगाव, निपाणी, गोकाक या गावांतले टांगे गेले आणि घोडा वरातीपुरता नाहीतर शर्यतीपुरता उरला. सांभाळणे परवडेनासे झालेली काही तट्टे गायरानात सोडून दिली जातात, आणि त्यांची शिंगरे मोकाटच वाढतात. अशा शिंगराच्या अंगाला माणसाचा हात लागलेला नसतो. दगड तेवढे लागलेले असतात. अशी जनावरे काही घरांनी आपलीशी केली आहेत, हे या सदराकडे आलेल्या पत्रांवरून दिसते, आणि त्याचा मनापासून आनंद वाटतो. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर इतरांनाही उपयोगी पडेल असे असल्याने ते सविस्तर देत आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या गायरानात आणि कारखान्याच्या रस्त्याला एक तांबूस घोडी बरेच दिवस मोकाट फिरत होती. मालक म्हणून कोणी पुढे आला नाही. उसात शिरते म्हणून लोक तिला मारीत, तेव्हा ग्रामपंचायतीला कळवून, पंचांसमोर कागद करून आम्ही ती घरी आणली. शेतातल्या गोठ्यालगतच्या वाडग्यात तिला कोंडले आहे. वैरण टाकली की खाते, पण माणसाने आत पाऊल टाकताच भिंतीला भिडून थरथरते आणि पाठ फिरवून लाथ उगारते. आयाळीत गोखरू आणि कुसळे गुंतून गोळे झाले आहेत, कानांत आणि मांडीच्या आत गोचीड आहेत. गावातले जाणते सांगतात, ‘तीन दिस उपाशी ठेवा, मग फास टाकून आडवी करा, चौथ्या दिवशी आपसूक वळणावर येती.’ माझ्या वडिलांनाही तेच पटते. मला मात्र धीर होत नाही. काय करावे?
— एक वाचक, ता. चिकोडी

उत्तर : आपल्याला धीर होत नाही हेच योग्य आहे. वडिलांशी बोलताना उपयोगी पडावीत म्हणून त्याची कारणे आधी सांगतो. गाय-म्हैस कोठीपोटात चारा साठवून ठेवते आणि सवडीने रवंथ करते. घोड्याला ती सोय नाही. त्याचे जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचे असते आणि ते भरलेले असो वा रिकामे, त्यात आम्ल अखंड पाझरत राहते. हे आम्ल सौम्य करणारी लाळ मात्र घोडा चघळत असेल तेव्हाच सुटते. त्यामुळे बराच वेळ तोंडात वैरण पडली नाही तर जठराला आतून जखमा होऊ लागतात, आणि उपासानंतर एकदम भरपूर खायला मिळाले की पोटशूळ उठतो. लहान चणीच्या तट्टांमध्ये, त्यातही घोडी गाभण असेल तर, उपासाने अंगातली चरबी रक्तात उतरून यकृत निकामी होते आणि जनावर दगावते. आपली घोडी गाभण आहे की नाही हे आज कोणालाच ठाऊक नाही, एवढा एकच मुद्दा वडिलांना थांबवायला पुरेसा व्हावा.

फास टाकून आडवे पाडण्याचेही तसेच. घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. पळणे अशक्य झाले की तो धडपडतो, आणि धडपडही संपली की निपचित पडून राहतो. लोक त्याला वळणावर येणे म्हणतात, पण घोडीने त्यातून एवढेच शिकलेले असते की माणसाच्या हाती सापडले की सुटका नाही. अशी घोडी महिनोन्महिने मुकाट वागते आणि एखाद्या दिवशी खोगिराचा तंग (पोटपट्टा) आवळताना किंवा ट्रॅक्टरचा हॉर्न वाजताच अशी उधळते, की धरणाऱ्याचा हात मोडतो. शिवाय पाडताना तिचा पाय किंवा मान दुखावली, तर पुढचे सगळेच संपले.

ती लाथ उगारते ते खोडसाळपणाने नव्हे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चोहोबाजूंचे दिसते. कपाळाच्या अगदी पुढचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग तेवढा दिसत नाही. तिच्याकडे टक लावून, हात पुढे करून, सरळ रेषेत चालत येणारा माणूस तिला शिकारी जनावरासारखा वाटतो. भिंतीमुळे पळायची वाट बंद आहे, म्हणून मागचे पाय पुढे येतात. वाट मोकळी राहील अशी जागा तिला दिली की लाथेचे कारण बरेचसे उरत नाही.

म्हणून सुरुवात वाडग्यापासून करावी. २० फूट लांब आणि २० फूट रुंद एवढी जागा पुरेशी असते; फार मोठी जागा असली तर ती सतत लांब पळत राहते. कुंपण वाशांचे किंवा जाड वेळूचे, माणसाच्या डोक्याएवढे उंच असावे. काटेरी तार कुठेही असता कामा नये, कारण घाबरलेला घोडा तारेत शिरतो आणि कातडी सोलून निघते. कोपरे फळ्या तिरक्या ठोकून बोथट केले तर ती कोपऱ्यात अडकून पडत नाही. सावली हवी, आणि बादली उलटणार नाही अशा बेताने पाणी अष्टौप्रहर हवे. एवढ्या चणीचे जनावर दिवसाला २० लिटरच्या आसपास आणि उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त पाणी पिते. शक्य असेल तर शेजारच्या आवारात, तिला दिसेल असे, एखादे शांत, वयस्क घोडे बांधावे. मेंढरांचा तळ आपल्या शिवारात बसेल तेव्हा धनगरांकडे विचारून पाहा. बिऱ्हाड वाहणाऱ्या त्यांच्या घोड्या कुत्री, मेंढरे, भांड्यांचा आवाज या सगळ्यांत वाढलेल्या असतात, आणि अशी एक घोडी माणसाजवळ निवांत उभी असलेली पाहून नवखी घोडी जे शिकते, ते माणसाला शिकवायला फार वेळ लागतो. घोडे नसेल तर शेळी किंवा गायही चालते. एकटेपण मात्र नको.

पहिले काही दिवस तिला हात लावण्याचा विचारच मनातून काढून टाका. एकाच माणसाने, ठरलेल्या वेळी, वैरण-पाणी घेऊन जावे, आत शिरण्याआधी बोलून आपण आल्याचे कळवावे आणि वैरण टाकून कुंपणाच्या कडेला पाठमोरे बसून राहावे. आपण बसलेले असताना ती निश्चिंतपणे खाऊ लागली, मान खाली घालून कडबा ओढू लागली, की पुढची पायरी आली असे समजावे.

आता मुख्य काम. तिच्या तोंडाकडे सरळ न जाता खांद्याच्या रोखाने, थोडे तिरके, नजर जमिनीकडे ठेवून दोन-तीन पावले टाका आणि थांबा. एक कान आपल्याकडे वळेल, नाकपुड्या फुलतील, खांद्यावरची कातडी माशी बसल्यासारखी थरथरेल. ती पळण्याच्या बेतात येण्याआधीच थांबायचे आहे. ती जागची हलली नाही, मान जराशी खाली आली, जिभेने ओठ चाटले किंवा दीर्घ श्वास सोडून फुरफुरली, की त्याच क्षणी वळून मागे या. आपले मागे येणे हेच तिचे बक्षीस आहे, आणि ते गुळाच्या खड्यापेक्षा मोठे आहे. कारण तिला आपल्याकडून हवे असते ते अंतर, आणि शांत उभे राहिले की ते मिळते हे तिला कळत जाते. ती आधीच पळाली, तर तिच्यामागे धावू नका आणि निघूनही जाऊ नका. आहात तिथेच उभे राहा, ती थांबली की मग मागे या. पळाल्याबरोबर माणूस निघून गेला, तर तिला पळण्याचाच धडा मिळतो. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटे एवढेच करावे. तासभर मागे लागून जे साधत नाही, ते या थोड्या थोड्या वेळात साधते.

ती हातभर अंतरावर उभी राहू लागली की पहिला स्पर्श हाताने करू नये. सहा-सात फुटांची वेळूची काठी घ्या, टोकाला गोणपाटाचा मऊ बोळा बांधा, तो तिला हुंगू द्या आणि मग मानेच्या बुडाशी, आयाळ संपते त्या उंचवट्यावर हलकेच घासा. नेमकी हीच जागा का, याला कारण आहे. कळपातले घोडे एकमेकांना याच ठिकाणी दातांनी खाजवतात. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवरचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला, त्यात या जागी खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात असे मोजून दाखवलेले आहे. पहिल्यांदा ती दचकेल. बोळा काढून घेण्याची घाई करू नका, ती क्षणभर स्थिर झाली की काढा. काही वेळाने वरचा ओठ लांब होऊन हलू लागेल, डोळे अर्धवट मिटतील. मग काठी दर वेळी वीतभर मागे धरत आणावी, म्हणजे एके दिवशी बोळ्याच्या जागी आपला हात असेल आणि तिला त्याचे नवल वाटणार नाही.

बरेच लोक आधी घोडा माणसाळवायचा आणि मग खरारा करायचा, म्हणजे त्याचे अंग घासून साफ करायचे, असे धरून चालतात. माझे मत याच्या उलट आहे. अशा घोडीच्या बाबतीत खरारा हेच माणसाळवण्याचे साधन आहे, आणि तो जितका सावकाश होईल तितके पुढचे सारे सोपे जाते. लोखंडी खरारा पहिले काही आठवडे खुंटीवरच राहू द्या. हात, मग गोणपाट, मग काथ्याचा ब्रश, असा क्रम ठेवा. मान, खांदा, पाठ, छाती इथून सुरुवात करावी. पोट, काखा आणि मांड्या नंतर. कान, शेपूट आणि मागचे पाय सर्वांत शेवटी. डाव्या बाजूने जे तिला पटले आहे ते उजव्या बाजूने पुन्हा पहिल्यापासून पटवावे लागते, याने नाउमेद होऊ नका. लोखंडी खरारा पुढेही चेहऱ्यावर आणि गुडघ्याखालच्या हाडांवर फिरवू नये.

आयाळीतले गोळे कात्रीने छाटण्याचा मोह होईल, पण आयाळ आणि शेपूट ही तिची माश्या वारण्याची साधने आहेत. खोबरेल तेल किंवा शेंगतेल गोळ्यात मुरवून ठेवावे आणि दुसऱ्या दिवसापासून केसांच्या टोकाकडून मुळाकडे, एका हाताने बट मुळाशी घट्ट धरून, बोटांनी एकेक कुसळ सोडवावे. बट धरल्याने ओढ कातडीला लागत नाही. एका बैठकीत एखादा गोळा सुटला तरी पुरे.

म्होरकी, म्हणजे तोंडाभोवती घालायची पट्टी, सुती, रुंद आणि मऊ असावी. आधी त्याच म्होरकीने तिची मान-खांदा चोळा, मग तिच्यातून वैरणीची मूठ धरा, म्हणजे ती आपण होऊन नाक आत घालील. रात्री किंवा कोणी जवळ नसताना म्होरकी अंगावर ठेवू नये. खुंटीला अडकली तर मान मोडते. दोर हाती आला की ओढत नेऊ नका. हलका ताण द्या आणि तिने एक पाऊल जरी आपल्याकडे टाकले तरी लगेच सैल सोडा. ताणापुढे नमते घ्यायला ती शिकेपर्यंत तिला खांबाला बांधायचे नाही, आणि बांधाल तेव्हा एका हिसक्याने सुटणारी गाठ द्यावी. पायांचे काम सर्वांत उशिरा येते. खांद्यावरून हात न उचलता खाली नेत नेत पुढच्या पायाला लावा, क्षणभर उचला आणि ती हिसकण्याआधी आपणच खाली ठेवा. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी कापावे लागतात, आणि नालबंदाला बोलावण्यापूर्वी हे शिक्षण झालेले असेल तर त्याची आणि तिची दोघांची सोय होते.

डॉक्टरांना मात्र तोवर थांबवू नका. घोडी कुठून आली हे माहीत नसल्याने निदान तीन आठवडे ती दुसऱ्या घोड्यांच्या अंगाला अंग लावणार नाही, त्यांच्या बादलीत पाणी पिणार नाही असे पाहावे. धनगरांचे घोडे शेजारी बांधायचे तेही या मुदतीनंतर आणि मध्ये अंतर ठेवूनच. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी किंवा फुटलेले व्रण दिसले तर ग्लँडर्सची शंका घ्यावी. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि त्याची माहिती सरकारला देणे कायद्याने बंधनकारक आहे. अशा वेळी उघड्या हाताने तिला शिवू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवले तर डॉक्टर येऊन रक्ताचा नमुना तपासणीला पाठवू शकतात. धनुर्वाताची लस हिला अवश्य द्या, कारण पाळीव जनावरांत घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा दुसरा प्राणी नाही. पहिली मात्रा, चार ते सहा आठवड्यांनी दुसरी आणि मग दरवर्षी एक, असा क्रम असतो. रेबीजची लसही तिला त्याच सुमारास द्यावी.

प्रश्न : नवीन आणलेल्या तट्टाच्या अंगात उवा आणि गोचीड आहेत. आमच्याकडे तंबाखू घरचीच. तिचे पाणी उकळून अंगाला चोळले की उवा मरतात असे सांगतात. म्हशींसाठी आणलेले गोचीडनाशकही घरात आहे. दोन्हीतले काय वापरावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : दोन्ही वापरू नका. तंबाखूतले निकोटीन कातडीतून रक्तात उतरते, आणि खाजवून सोललेल्या जागेतून तर फार लवकर उतरते. उवा मरतील, पण त्याबरोबर तट्टू लाळ गाळू लागेल, थरथरेल आणि श्वास बंद पडून मरूही शकेल. शिवाय घोडा आपले अंग चाटतो आणि शेजारच्याचेही खाजवतो, त्यामुळे हे पाणी पोटातही जाते.

गोचीडनाशकाच्या बाटलीवरचे औषधाचे नाव वाचा. गायी-म्हशींसाठी सर्रास मिळणाऱ्या औषधांपैकी एकात अमिट्राझ असते. गुरांना ते चालते, पण घोड्याचे आतडे त्याने थंडावते, लीद अडकते आणि जिवावर बेतते. घोड्यासाठी सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनसारखी औषधे डॉक्टर देतात, त्यांनी सांगितलेल्या प्रमाणातच ती वापरावीत. तट्टू अजून बुजत असेल तर फवारा मारू नका, कारण त्या फुसकाऱ्याने महिन्याची मेहनत वाया जाते. औषध फडक्यावर घेऊन, हातमोजे घालून, खराऱ्याच्या वेळी पुसावे. कानातले गोचीड चिमट्याने, कातडीलगत धरून, सरळ ओढून काढावेत. त्यासाठी त्याने कानाला हात लावू देईपर्यंत वाट पाहावी लागली तरी हरकत नाही. जंताचे औषध देण्यापूर्वी लीद तपासून घ्या आणि गुरांचे जंताचे इंजेक्शन घोड्याला टोचू नका. घोड्यासाठी तोंडातून देण्याचे औषध मिळते.

प्रश्न : आमच्या भागात ऊसच ऊस. गुरांना वाढे (उसाचे हिरवे शेंडे), हत्तीगवत आणि डेअरीचे पशुखाद्य घालतो. मोकाट पकडून आणलेल्या घोड्याला तेच घातले तर चालेल का? तो फार वाळलेला आहे, म्हणून भरपूर खाऊ घालावे असे वाटते.
— एक वाचक, ता. अथणी

उत्तर : पशुखाद्य अजिबात नको, हे सर्वांत आधी सांगतो. दुभत्या जनावरांच्या काही खाद्यांत आणि कोंबड्यांच्या खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गाईला सोसणाऱ्या प्रमाणापेक्षा कितीतरी कमी प्रमाणात ते घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करते, आणि त्यावर उतारा नाही. गोठ्यातल्या गुरांच्या गव्हाणीत तोंड घालता येणार नाही अशा जागी घोडा बांधावा.

वाढे आणि हत्तीगवत यांत ऑक्झॅलेट असते. ते चाऱ्यातला कॅल्शियम बांधून टाकते, आणि घोड्याला याचा त्रास गुरांपेक्षा जास्त होतो. महिनोन्महिने हेच खाणाऱ्या, जोडीला गव्हाचा कोंडा मिळणाऱ्या घोड्याच्या हाडांतला कॅल्शियम निघत जातो, तोंडाची हाडे दोन्ही बाजूंनी फुगतात आणि तो लंगडू लागतो. म्हणून वाढे असतील तर थोडे, आणि मुख्य वैरण ज्वारीचा कोरडा कडबा, माळाचे वाळलेले गवत, भुईमुगाचा वाळलेला पाला अशी असावी. लसूणघास मिळाला तर उत्तम, कारण त्यात कॅल्शियम भरपूर असतो. वैरणीला बुरशी असता कामा नये. गाय जे पचवते त्यातले पुष्कळ घोडा पचवू शकत नाही, आणि त्याला ओकारीही होत नाही, त्यामुळे पोटात गेलेले पोटातच राहते. कोवळी ज्वारी पोसवण्याआधी घालू नये, तिच्यात विष असते हे आपण गुरांच्या अनुभवाने जाणताच.

वाळलेल्या घोड्याला एकदम दाणा घातला तर तो दगावू शकतो. पहिले दहा-बारा दिवस केवळ वैरण, तीही दिवसातून पाच-सहा वेळा थोडी थोडी. २०० किलो वजनाच्या तट्टाला दिवसाकाठी सुमारे ४ किलो कोरडी वैरण लागते, त्या प्रमाणापर्यंत हळूहळू जावे. मग भिजवलेला हरभरा किंवा हुलगे मूठमूठभर वाढवत न्या. काम न करणाऱ्या तट्टाला चंदीची, म्हणजे दाण्याची, तशी गरज नसते. ती तोबऱ्यातून रोज ठरलेल्या वेळी थोडी दिली तर माणूस आल्याचा आनंद त्याला होतो, एवढ्यासाठी द्यावी. खनिज मिश्रण आणि मिठाचा खडा कायम ठेवा.

प्रश्न : मी नववीत शिकते. आजोबांनी एक लहान घोडी आणली आहे. ती आजोबांना हात लावू देते, पण मी गेले की मागे सरते. मला तिचा खरारा करायचा आहे. मी काय करू?
— एक विद्यार्थिनी, संकेश्वर

उत्तर : तुझी इच्छा फार चांगली आहे. आजोबा शेजारी असतानाच आत जायचे, ही पहिली अट. त्यांनी मानेला खरारा करावा आणि तू त्यांच्या खांद्याशी उभे राहून त्यांच्या हातावर आपला हात ठेवावास. काही दिवसांनी त्यांनी हात काढून घ्यावा. घोडीच्या मागून कधी जाऊ नकोस. दुसऱ्या बाजूला जायचे असेल तर समोरून, तिच्याशी बोलत, वळसा घालून जा. दोर हाताला किंवा मनगटाला गुंडाळायचा नाही, चपलेऐवजी बूट घालायचे, ओढणी खोचून ठेवायची आणि खाली वाकून बसून पायांचे काम करायचे नाही. तिने कान मागे मानेला चिकटवले, शेपटी झटकली की तिला ती जागा नको आहे असे समज आणि पुन्हा मानेवर ये. ती मागे सरते तेव्हा तिच्यामागे जाऊ नकोस. कुंपणाबाहेर बसून तुझा धडा मोठ्याने वाचत जा; आवाज ओळखीचा झाला की ती आपण होऊन हुंगायला येईल.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो. तिथले सरकार रानघोडे लोकांना दत्तक देते आणि लोक शंभर दिवसांत त्यांच्यावर स्वार होतात, अशा चित्रफिती तो पाठवतो. हे खरे आहे का? आपल्याकडे तसे का होत नाही?
— एक ज्येष्ठ वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : खरे आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत सरकारी माळरानांवर मस्टँग घोड्यांचे कळप आहेत. पूर्वी स्पॅनिश लोकांनी आणलेल्या आणि पुढे वसाहतवाल्यांकडून सुटलेल्या घोड्यांचे ते वंशज. त्यांची कत्तल होऊ लागली तेव्हा १९७१ साली तिथे संरक्षणाचा कायदा झाला, आणि आता माळाला सोसणार नाहीत एवढे घोडे झाले की सरकारचा भूव्यवस्थापन विभाग काही पकडून लोकांना दत्तक देतो. घेणाऱ्यावर अटी असतात. प्रत्येक घोड्याला निदान ४०० चौरस फुटांचे आवार हवे, न माणसाळलेल्या मोठ्या घोड्यासाठी कुंपण ६ फूट उंच हवे, काटेरी तार चालत नाही, आणि घोडा वर्षभर नीट सांभाळल्याचे दिसल्यावरच तो घेणाऱ्याच्या नावावर होतो. चिकोडीच्या वाचकांना वाडग्याचे जे माप सांगितले ते हेच आहे. या घोड्यांच्या मानेवर डाव्या बाजूला जी पांढरी चिन्हे दिसतात, तो डाग तापवलेल्या लोखंडाचा नसून द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या शिक्क्याचा असतो. त्या थंडीने केसांचा रंग बनवणाऱ्या पेशी मरतात आणि तिथे पांढरे केस उगवतात.

शंभर दिवसांच्या स्पर्धाही होतात, पण त्यात उतरणारे लोक पिढीजात चाबुकस्वारांच्या तोडीचे असतात आणि त्यांचा सारा दिवस त्याच कामात जातो. घरच्या माणसाने तो हिशेब डोळ्यांपुढे ठेवू नये. आपल्या देशात आसामच्या डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात रानात वाढलेल्या घोड्यांचे कळप आहेत, पण आपल्या भागातली मोकाट तट्टे ही कोणाच्या तरी दावणीची जनावरे किंवा त्यांची पोरे आहेत. त्यामुळे ती घेताना ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लेखी नोंद करून घ्यावी, म्हणजे जनावर सुदृढ झाल्यावर वाद उभा राहत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात आणलेल्या घोड्याच्या पाठीवर खपल्या धरल्या आहेत आणि खुरांना घाण वास येतो. खरारा करावा की नाही?
— एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : खपल्यांवर कोरडा खरारा करू नका, त्याखालची कातडी दुखरी असते. आपल्याकडच्या संततधारेत भिजून राहिलेल्या पाठीवर जिवाणूंमुळे त्या होतात. डॉक्टरांनी दिलेल्या क्लोरहेक्सिडिनच्या पाण्याने खपल्या भिजवून, आपसूक सुटतील तेवढ्याच काढाव्यात आणि पाठ कोरड्या फडक्याने टिपावी. त्या घोड्याचा ब्रश दुसऱ्याला वापरू नका. वास येणाऱ्या खुराच्या तळाशी जो मऊ त्रिकोणी भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा रोज कोरून साफ कराव्यात आणि पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावावे. मात्र उभे राहायला कोरडी जमीन नसेल तर कोणतेही औषध टिकणार नाही. मुरूम टाकून थोडी उंच केलेली, वरून शाकारलेली जागा आधी करा.

प्रश्न : घेतलेल्या घोडीच्या डोळ्याखाली भोवरा आहे. तो घरधन्याला वाईट असे सांगून शेजारी तिला सोडून द्यायला लावत आहेत.
— एक वाचक, ता. हुक्केरी

उत्तर : भोवरा म्हणजे केस उगवण्याची दिशा, त्याने कोणाचे घर बसत नाही. प्रत्येक घोड्याचे भोवरे वेगळे असल्याने घोडा ओळखण्याच्या कागदपत्रांत ते नोंदतात, तेव्हा त्याचा फोटो काढून आपल्या कागदाला जोडून ठेवा. तिला पुन्हा रस्त्यावर सोडू नका, ही कळकळीची विनंती. एकदा माणसाळलेले जनावर गाड्यांना भीत नाही आणि त्यामुळेच अपघातात सापडते.

प्रश्न : मोकाट घोडी आणली आणि तिच्या पायगुणाने घरात चांगले घडले, म्हणून येत्या माघात चिंचलीला मायाक्काच्या यात्रेला तिला गाडीबरोबर चालवत न्यायचे असे आई म्हणते. घोडी आता म्होरकी घालू देते.
— एक वाचक, ता. रायबाग

उत्तर : आईंच्या भावनेचा पूर्ण आदर ठेवून सांगतो, या माघात नेऊ नये. म्होरकी घालू देणे आणि हजारो माणसे, ढोल, बैलगाड्यांच्या रांगा यांतून चालणे यांत निदान वर्षाचे अंतर आहे. ती तिथे उधळली तर लहान मुले सापडतील, आणि अनोळखी घोड्यांच्या जवळ उभी राहिल्याने रोगाचीही भीती आहे. वर्षभरात तिला आधी शेताच्या बांधावरून, मग गावच्या रस्त्याने, मग आठवडी बाजाराच्या कडेने, नेहमी एखाद्या सवयीच्या घोड्याबरोबर चालवत न्या. घरी पत्र्याच्या डब्यावर हळू आवाजात सुरुवात करून ढोलाची सवय लावा आणि ती बुजली की आवाज नव्हे, अंतर वाढवा. पुढच्या माघापर्यंत ती बाजारातून मान खाली घालून चालली तर डॉक्टरांना दाखवून, लसी पूर्ण करून न्यायला हरकत नाही. यंदा आईंनी चिंचलीहून भंडारा घरी आणावा आणि तिच्या कपाळाला बोटाने लावावा. उधळू मात्र नये, तिच्या डोळ्यांत जाईल.